हात पुरेल तेवढं घर

थोरल्या दिरांचं पत्र आलं तेव्हा दुर्गाबाई भाकरी थापत होती. ज्योतीरामनं ते चुलीपाशी बसूनच वाचून दाखवलं. मजकूर चार ओळींचा होता. रानातली कामं तोंडावर आलीत, घरातलं सगळं माणूस दिवसभर बाहेर असतं, आईकडं बघायला कुणी नाही, तेव्हा येत्या सोमवारी तिला तुमच्याकडं आणून सोडतो. ज्वारीची सुगी आटोपली की न्यायला येईन. खाली मालोजीची सही.

"आणू द्या की," दुर्गाबाई म्हणाली. तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मग मान वळवून खोलीकडं बघितलं.

खोली बघायला मान एकदाच वळवावी लागे. नऊ फूट रुंद, अकरा फूट लांब. चिंचवड गावात नदीच्या अंगाला सारजाबाईचं घर होतं, त्या घरामागचा हा गोठा. सारजाबाईचा मुलगा गेनू जनावरं घेऊन पलीकडं थेरगावच्या मळ्यात राहायला गेला, तेव्हा तिनं गोठ्यात मधोमध भिंत घातली, अर्ध्यात सरपण भरलं आणि अर्धा भाड्यानं दिला. ज्योतीराम माणदेशातला. दोघा भावांत एकाला पुरेल एवढीच शेती, म्हणून तो सुतारकाम शिकला आणि पिंपरीला औषधाचा नवा कारखाना झाला तेव्हा तिथल्या सुतारखान्यात लागला. त्याला, दुर्गाबाईला आणि चार वर्षांच्या हौसाला मिळून ही खोली. एका कोपऱ्यात चूल, समोरच्या कोपऱ्यात मोरी, भिंतीकडेला पत्र्याची ट्रंक, वळकट्या, ज्वारीचा डबा, आणि उरलेल्या जागेत माणसं.

मागच्या भिंतीला एक दार होतं. त्यापलीकडं परस, अठरा हात लांब आणि दहा हात रुंद, भोवती मातीची बुटकी भिंत आणि एका बाजूला बैलगाडी आत येईल एवढं फाटक. पण त्या परसात मोडक्या गव्हाणीचे दगड, फुटक्या कौलांचा ढीग, जुन्या उकिरड्याचा खळगा आणि कंबरभर वाढलेली घाणेरी होती. मागनं विंचू येतात म्हणून दुर्गाबाई त्या दाराची कडी कधी काढत नसे.

"तिकडं चार खणांचं घर हाय, सोपा हाय, मोठं अंगण हाय," ती म्हणाली. "हितं आत्याबाईंना पाय पसरायला तरी जागा हुईल का?"

"आये काय बघणार हाय व्हय खोली," ज्योतीराम बोलून गेला, आणि पत्राची घडी घालू लागला.

त्याच्या आईला, अंबूबाईंना, तीन वर्षांपासून दिसत नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, ही गेलेली नजर परत यायची नाही, असं म्हणाले होते.

सोमवारी दुपारी मालोजी आईला घेऊन आले. मोठ्या हाडापेराचा माणूस, डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर ज्वारीचं पोतं. दारातून आत येताना त्यांना चांगलंच वाकावं लागलं. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. चहा घेतला. निघताना उंबऱ्यात उभं राहून धाकट्या भावाला म्हणाले, "तिला एकटीला उठू देऊ नगंस. डोळं गेलं त्याच साली गव्हाणीवर पडली, खुब्याला लागलं. तवापासनं आमी बसल्या जागी सगळं देतो. पानी, भाकरी, सगळं."

"व्हय दादा."

परतीची एसटी चुकू नये म्हणून मालोजी लगेच मुंबई रस्त्याकडं चालू लागले.

अंबूबाई उंच होत्या, अंगानं वाळलेल्या. ट्रंकेशेजारी घोंगडं अंथरून दिलं त्यावर त्या ताठ बसल्या. हौसा समोर येऊन उभी राहिली तर तिच्या तोंडावरून बोटं फिरवून म्हणाल्या, "नाक आमच्या घरचं हाय." त्यानंतर आठ दिवस त्या तिथंच बसून होत्या. मागितलं काही नाही. कुरकूर नाही. वाढलं तेवढं जेवायच्या, विचारलं तर उत्तर द्यायच्या.

रोज उजाडायच्या आत दुर्गाबाई त्यांचा हात धरून गल्लीतून नदीकाठच्या बाभळीत घेऊन जाई, आणि दिवस मावळल्यावर पुन्हा एकदा. मधला सगळा दिवस घोंगड्यावर.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुर्गाबाईच्या एक गोष्ट ध्यानात आली. सासूबाई पाणी पीत नाहीत. भाकरी खाऊन झाली की पेल्यातले दोन घोट, बस्स. तिला वाटलं, सून आडावरून पाणी आणते म्हणून जपून पितात.

"आत्याबाई, आडाला पानी मायंदाळ हाय. प्या की पोटभर."

"तहान न्हाई गं," अंबूबाई म्हणाल्या.

तिनं ताक दिलं, कढी दिली. तेही दोनच घोट. ओठांना चिरा पडल्या होत्या, तरी तहान नाही.

मग एके दिवशी पहाटे हौसाला ताप भरला. पोर मांडीवरून खाली उतरेना. दुर्गाबाई तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली आणि ऊन अंगणात आलं तरी सासूला बाहेर न्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. ज्योतीराम कारखान्यात गेला होता. सहज तिनं घोंगड्याकडं बघितलं. अंबूबाई नेहमीसारख्या ताठ बसल्या होत्या. पण दोन्ही हातांच्या मुठी लुगड्यात घट्ट आवळलेल्या होत्या, आणि तोंड ओढलेलं होतं. एका शब्दानं त्यांनी हाक मारली नव्हती.

तिनं पोर सारजाबाईच्या ओटीवर नेऊन ठेवलं आणि सासूला घेऊन भर उन्हात, लोकांच्या नजरेतून, नदीकडं गेली.  

संध्याकाळी ज्योतीराम आला तेव्हा ती त्याला दाराबाहेर घेऊन गेली. "आत्याबाई पानी का पीत न्हाईत त्ये कळलं मला," ती म्हणाली. "परत परत उठावं लागू नये म्हणून. कुनाला तरी हाक मारावी लागती ना."

ज्योतीरामला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं विचारलं, "तिकडं बी असंच करत असंल?"

"मला काय ठावं. पर ही सवय काय आठ दिसांची न्हवं."

तो खाली मान घालून सायकलीची घंटा उगीच चाचपत राहिला.

"त्ये मागचं दार उघडायचं," दुर्गाबाई म्हणाली. "परसात, पलीकडच्या कोपऱ्यात, आडोसा करायचा. त्यांची त्यांना जाता आलं पायजे. आपलं बोट न धरता."

यासाठी आधी सारजाबाईला विचारणं भाग होतं. सारजाबाई साठीची, ठेंगणी आणि बोलायला तिखट. दुसऱ्या दिवशी ती ओटीवर शेंगा निवडत बसली होती. दुर्गाबाईनं सांगितलं आणि ती शेंग टाकून उभीच राहिली.

"माझ्या परसात संडास? अगं, तितं माझ्या गाया बांधल्या व्हत्या! देवाची जागा ती."

"व्हय मावशी."

"आन् वास? आन् माश्या? आन् उद्या दुसरा भाडेकरू मला काय म्हनंल?"

दुर्गाबाईनं वाद घातला नाही. ती शेंगांच्या सुपापाशी बसली आणि काल सकाळी काय झालं ते हळू आवाजात सांगितलं. आवळलेल्या मुठींचंही सांगितलं. सारजाबाई ऐकत राहिली. मग तीही खाली बसली आणि दोन-चार शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, "माझी सासू दोन वर्सं अंथरुनाला खिळून व्हती. तिचं समदं मी केलं. पर तिला कसं वाटत आसंल, त्ये कदी मनात आलं न्हाई बग." आणि मग नेहमीच्या आवाजात, "खड्डा घराच्या भिंतीपासनं लांब घ्यायचा. पुरुषभर खोल. आन् रोज चुलीतली राख टाकायची. वास आला तर मी गप बसायची न्हाई."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ज्योतीरामनं मागच्या दाराची कडी काढली. घाणेरी तोडली, कौलं उचलली, उकिरड्याचा खळगा बुजवला. खाली खरंच विंचू निघाले, सहा. खड्डा खणायला तीन संध्याकाळी गेल्या. वर त्यानं फळ्यांची बैठक केली, भोवती बांबूचे तट्टे उभे केले आणि त्याला एक हलकं दार लावलं, आतून कडी असलेलं. कडी करताना म्हणाला, "ही तिला लागंल."

गव्हाणीच्या दगडांची दुर्गाबाईनं वाट केली. मागच्या दारापासून सरळ, आणि मग डावीकडं वळून आडोशापर्यंत. दगड सपाट बाजू वर करून, एकाला एक लागून बसवले. दगड लागला की वाट, माती लागली की चुकलं, एवढं अनवाणी पायाला कळावं.

"त्यापरीस एक दोरी बांधतो की दारापासनं," ज्योतीराम म्हणाला. "धरून जाईल."

घोंगड्यावरून अंबूबाईंचा आवाज आला, "दोरी नगं. दाव्याला बांधल्यावानी वाटतं." हे त्यांचं तिथं आल्यापासूनचं पहिलं मागणं होतं. किंवा नको म्हणणं.

पहिल्या दिवशी दुर्गाबाई त्यांच्या मागोमाग चालली, हात न लावता. अंबूबाई पाय घाशीत, मोजत गेल्या. अकरा पावलांवर वळायचं होतं. त्या बारा चालल्या आणि भिंतीला धडकल्या. दुसऱ्यांदा दहावरच वळल्या. तिसऱ्यांदा नीट गेल्या, पण परतताना चुकल्या. "पावलं काय सारखी पडतात व्हय," त्या चिडून म्हणाल्या. "सकाळी लांब पडतात, सांजच्याला आखूड."

भिंतीवरून बघणारी सारजाबाई म्हणाली, "तितं वळनावर कायतरी वासाचं लावा की." आणि दुपारी थेरगावच्या मळ्यातून तिनं गवती चहाचा ठोंब आणवला. तो वळणावर लावला. पोटरीला पात चाटून गेली, वास आला, की वळायचं. मग तोच नाद लागला. पुढच्या दारापाशी तुळस होती, ती मागच्या दाराशेजारी आणली. धुण्याच्या दगडापाशी मरवा लावला. आडोशाच्या बाजूला झेंडू, कारण त्याच्या उग्र वासापुढं दुसरा वास टिकत नाही. मोरीचं पाणी आधी गल्लीत जाई. ज्योतीरामनं भिंतीला भोक पाडून ते परसात घेतलं आणि त्या ओलीवर अळू लावलं. बुटक्या भिंतीला घेवड्याचे वेल चढवले. पंधरा दिवसांपूर्वी जिथं विंचू होते तिथं दुर्गाबाई आता दुपारी धान्य वाळत घालू लागली.

आत मात्र गर्दी तशीच होती. ज्योतीरामनं कारखान्यातून मोडक्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. मागच्या दाराला लागून, परसाच्या बाजूनं, त्यानं सहा फूट रुंदीची पडवी काढली. वर पत्रा, एका बाजूला फळ्यांची भिंत. तिच्यात आईसाठी बाज न ठेवता त्यानं फळ्यांचा ओटा बांधला. त्याच्या पोटात ट्रंक गेली, वळकट्या गेल्या, सरपण गेलं. खोलीत एकदम दोन माणसांना बसायला जागा झाली. मग उरलेल्या फळ्या घेऊन तो भिंतीला मांडणी ठोकायला लागला. डोक्याला लागू नये म्हणून त्यानं ती उंच धरली.

"खाली घे," अंबूबाई म्हणाल्या.

"आये, डोकं आपटंल कुनाचं तरी."

"तुमाला डोळं हायती, वाकून जावा. माझ्या खांद्याएवढी घे."

मांडणी त्यांच्या खांद्याएवढी झाली. तिच्यावर डावीकडून मिठाचं गाडगं, मग तिखट, मग हळद, मग डाळी. पेला खुंटीला. घागर मोरीच्या उजव्या हाताला. दुर्गाबाईनं घरात एक नियम केला: ज्या वस्तूला जी जागा, ती तिथंच. ज्योतीरामनं पायताण कुठंही काढलं की तिचा आवाज चढे. हौसाला तो नियम फार आवडला. डोळे मिटून ती घरभर फिरे आणि न चाचपता पेला काढून दाखवी. "मी आजी झाले," म्हणे.

एकदा अंबूबाई आपणहून उठून भरलेल्या घागरीपाशी गेल्या. दुर्गाबाई चुलीपाशी होती. अंबूबाईंनी पेला बुडवून काढला आणि उभ्या उभ्या प्यायल्या. पुन्हा बुडवला, पुन्हा प्यायल्या. दुर्गाबाईनं चुलीतलं लाकूड उगीच मागं-पुढं केलं आणि वळून बघितलं नाही.

माघात एक वाईट दिवस आला. थेरगावच्या मळ्यातली ज्वारी निघाली होती. गेनूनं भल्या सकाळी मळ्यात न मावलेल्या कडब्याची गाडी आणली आणि जागा मोकळी दिसल्यावर, गोठा होता तेव्हाच्या सवयीनं, फाटकातून आत घालून परसातच रिकामी केली. सारजाबाई घरात होती. दुर्गाबाई आडावर गेली होती. गेनूला नवीन वाटेचं काही ठाऊक नव्हतं. तो गाडी घेऊन निघून गेला.

थोड्या वेळानं अंबूबाई मागच्या दारातून बाहेर आल्या. पाच-सहा पावलांवर पायाला पेंढ्या लागल्या. त्यांना वाटलं, आपण चुकलो. बाजूनं वाट काढायला गेल्या तर दगड सुटला आणि माती आली. हात पुढं केला तर चहूकडून कडबाच. गवती चहाचा वास कडब्याच्या वासात बुडून गेला होता. आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे हेच त्यांना कळेना.

सारजाबाई राख टाकायला म्हणून आली तेव्हा तिला त्या दिसल्या. पेंढ्यांच्या मधोमध उभ्या, पदर कडब्यात अडकून डोक्यावरून उतरलेला, पण हाक नाही की रडणं नाही. उभ्या होत्या, कुणी येईपर्यंत उभ्या राहायचं असं ठरवल्यासारख्या.

"आगं बया," सारजाबाई म्हणाली आणि राखेचं घमेलं टाकून धावली. तिनं त्यांचा पदर सोडवून डोक्यावर घेतला. हात धरला. अंबूबाईंनी तिचं मनगट घट्ट पकडलं.

"मी चुकले जनू," अंबूबाई म्हणाल्या.

"तुमी न्हाई चुकला. आमी चुकलो."

तिनं त्यांना आडोशापर्यंत पोचवलं, परत आणलं, आणि मग पदर खोचून एकटीनं कडबा उचलायला लागली. दुर्गाबाई घागर घेऊन आली तेव्हा अर्धी वाट मोकळी झाली होती. दोघींनी मिळून उरलेला कडबा फाटकाबाहेर, घराच्या बाजूच्या अरुंद बोळात रचला. संध्याकाळी गेनूला निरोप गेला: पुन्हा परसात काही टाकशील तर याद राख.

त्या दिवसापासून सारजाबाई दुपारची पडवीत येऊन बसू लागली. दोघी म्हाताऱ्या एकीच्या सासूच्या आणि दुसरीच्या नवऱ्याच्या गोष्टी सांगत. अंबूबाईंचे हात आता मोकळे नसत. त्या शेंगा सोलत, घेवडा खुडत, कोवळा-जून बोटांनी ओळखत. मातीत बोट घालून कुठल्या झाडाला पाणी हवं ते सांगत. पहाटेचं दळण त्यांनी आपणहून मागून घेतलं. कारखान्याचा भोंगा, स्टेशनातली गाडी, मोरया गोसावीच्या देवळातली घंटा यांवरून त्यांना वेळ कळे, आणि ज्योतीराम यायच्या आधी चहाचं आधण ठेवायची आठवण त्याच करत.

चैत्रात मालोजी आले. या वेळी पत्र नव्हतं. दुपारी दारात उभे राहिले, वाकून आत आले, आणि आई आणि तिचं घोंगडं खोलीत कुठंच न दिसल्यामुळं म्हणाले, "आये कुठं हाय?"

"परसात," दुर्गाबाई म्हणाली.

"एकटी?" ते ताडकन मागच्या दाराकडं गेले.

अंबूबाई अळवाची पानं खुडत होत्या. मुलाच्या पावलांचा आवाज त्यांनी ओळखला. "मालू आला व्हय," म्हणाल्या, आणि पानं घेऊन दगडांवरून चालत आल्या. मालोजींनी धरायला हात पुढं केला. अंबूबाईंना तो दिसलाच नाही. त्या त्यांच्या शेजारून आत गेल्या, मांडणीवर पानं ठेवली, खुंटीचा पेला काढला, घागरीतलं पाणी घेतलं आणि तो मुलाच्या पावलांच्या आवाजाच्या दिशेनं पुढं धरला.

"उन्हाचं आलास. पी."

मालोजींनी पेला घेतला. तीन वर्षं झाली, आईच्या हातचं पाणी ते प्यायले नव्हते. ते उभ्या उभ्याच प्यायले. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

संध्याकाळी ज्योतीराम आल्यावर जेवणं झाली. मालोजी म्हणाले, "आये, उद्या सकाळची गाडी हाय. बोचकं बांधून ठिव."

अंबूबाईंनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मी हितंच ऱ्हाते, मालू."

"हितं?" मालोजींनी भोवती बघितलं. "आगं, लोक काय म्हनतील? थोरल्याचं चार खणांचं घर, आन् आई धाकट्याच्या गोठ्यात. माझ्याकडं काय कमी पडलं तुला?"

"कमी काय बी न्हवतं. जास्तच व्हतं."

"म्हंजे?"

"तुझं घर लई मोठं हाय, बाबा. डोळं व्हतं तवा त्ये माझं व्हतं. डोळं गेलं आन् माझ्यापाशी घोंगडं तेवढं उरलं. हितं काय, हात लांब केला की भित हाय. दुसरा केला की चूल. हात पुरंल तेवढं घर." त्या मुलाच्या आवाजाकडं वळल्या. "तुझी बायको वाईट न्हाई. तू बी न्हाईस. पर मला बसून ऱ्हायचा कटाळा आला व्हता."

मालोजी उठून पडवीत गेले. ज्योतीराम त्यांच्या मागं निघाला, पण दुर्गाबाईनं मानेनं नको म्हटलं. बराच वेळ ते ओट्याच्या कडेला बसून होते. आपण आईला पडण्यापासून जपलं, ही त्यांची समजूत होती. तीन वर्षं त्या समजुतीवर ते समाधानी होते. आता ती समजूत जागेवर राहिली नव्हती आणि तिच्याऐवजी काय मानायचं ते त्यांना सुचत नव्हतं. राग आला होता का? थोडा आला होता. कुणावर ते कळत नव्हतं.

सकाळी निघायच्या आधी ते परसात गेले. दगडांवरून स्वतः एकदा चालले. आडोशाचं दार उघडून आतली कडी बघितली. दुर्गाबाई तुळशीला पाणी घालत होती. दीर आलेले बघून तिनं पदर पुढं ओढला. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी सरळ बोलायची रीत नव्हती, पण मालोजी बोलले.

"पोरी, तिकडं हे करायचं झालं तर सुरवात कुठनं करू?"

दुर्गाबाईनं जमिनीकडं बघत उत्तर दिलं. "आधी परसाकडची वाट करा, भावजी. बाकी समदं मग."

मालोजींनी आडोशाच्या दाराकडं पुन्हा बघितलं. आईनं बसल्या जागी काय सोसलं ते मग त्यांना समजलं. त्यांनी पटका काढून तोंडावरून फिरवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"मला कुनी सांगितलं न्हाई गं," ते म्हणाले.

"त्या सांगायच्या न्हाईत, भावजी. मला बी न्हाई सांगितलं."

वैशाखात ज्योतीराम रजा काढून चार दिवस गावी गेला. दोघा भावांनी मिळून सोप्यापासून मागच्या अंगणातल्या नव्या आडोशापर्यंत वाट बांधली. मोठ्या घरातली एकच खोली, न्हाणीजवळची, मालोजींनी आईसाठी मोकळी केली आणि तिच्यात मांडणी ठोकली. खांद्याएवढी. कार्तिकात अंबूबाई ग्रामदैवताच्या यात्रेला म्हणून गेल्या, त्या पौषापर्यंत राहिल्या. तिकडच्या वळणावर मालोजींनी पुदिना लावला होता. तो त्यांना तितकासा आवडला नाही, पण चुकल्या नाहीत. मग हाच रिवाज पडला: थंडी गावाकडं, बाकीचे महिने चिंचवडला. कुठं किती राहायचं ते त्या ठरवत.

दोन वर्षांनी कारखान्याच्या नव्या वसाहतीत ज्योतीरामचं नाव लागलं. दोन खोल्या, आत नळ, संडास, मागं कुंपणाची जागा. किल्ली मिळाली त्या रविवारी घरातली सगळी बघायला गेली. बरोबर सारजाबाईही आली. तोंड तिचं उतरलेलं होतं, आणि वाटेत तिनं दोनदा सांगितलं की कारखान्याची घरं उन्हाळ्यात फार तापतात.

घर रिकामं होतं. चुन्याचा वास येत होता. हौसा या खोलीतून त्या खोलीत पळत सुटली. अंबूबाईंनी उंबऱ्यात पायताण काढलं, उजवा हात भिंतीला लावला आणि आत शिरल्या. कुणी त्यांच्या मागं गेलं नाही. भिंतीभिंतीनं त्या पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेल्या, खिडकीशी थांबल्या, तोंडावर ऊन घेतलं, नळ सोडून बंद केला, मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकून माती तळव्यानं दाबून बघितली. मग परत आल्या.

"शेगडी खिडकीखाली नगं," त्या म्हणाल्या. "वारं तिकडनंच येतंय, धूर समदा आत फिरंल. ती त्या कोपऱ्यात. आन् माती भरड हाय, शेणखत लागंल गाडीभर."

"गेनूला सांगते," सारजाबाई म्हणाली. "पर गाडी कुठं रिकामी करायची त्ये आधी दावून ठिवा त्याला."

दुर्गाबाई हसली. तिनं पदर खोचला, सोबत आणलेली केरसुणी उचलली आणि सासूबाईंनी दाखवलेल्या कोपऱ्यापासून झाडायला सुरुवात केली.